बोटावर ९८, पण पायाचे काय?



कोरोनाच्या दिवसांत आपल्या बहुतेक घरांत एक छोटी वस्तू आली आणि ती अजूनही कपाटात, थर्मामीटरच्या शेजारी पडून आहे. बोटाला चिमट्यासारखी लावायची ती ऑक्सिमीटर. त्या दिवसांत ९४ च्या खाली आकडा गेला की घरात धावपळ व्हायची आणि ९८ दिसला की सगळ्यांच्या तोंडून 'अल्हम्दुलिल्लाह' निघायचे. ती सवय आपल्याला लागून राहिली. ९८ म्हणजे सगळे ठीक, असे आपण धरून चालतो. या सवयीने आमच्या घरात काय झाले, ते या वेळी सांगणार आहोत. वाचणाऱ्या एखाद्या घरातला पाय त्यामुळे वाचला, तर लिहिण्याचे सार्थक होईल.

आमचे मामू गंगापूरला राहतात. वय ६३. कापूस आणि थोडा ऊस अशी शेती. साखरेचा आजार १६ वर्षांपासून. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या, असे चालायचे. एकदा नव्या चपलेचा पट्टा घासून उजव्या पायाच्या अंगठ्याला फोड आला. मामूंना कळलेच नाही, कारण दुखत नव्हते. मुमानींना मोज्यावर डाग दिसला तेव्हा कळले. जवळच्या दवाखान्यात ड्रेसिंग सुरू झाले. एक दिवसाआड पट्टी, अँटिबायोटिकच्या गोळ्या, पुन्हा पट्टी. महिना गेला, जखम भरेना. अंगठ्याची कड काळपट दिसू लागली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा भाच्याने कपाटातून ऑक्सिमीटर काढली आणि मामूंच्या हाताच्या बोटाला लावली. ९८. "मामू, ऑक्सिजन तर फुल आहे," तो म्हणाला. सगळ्यांना बरे वाटले. आम्हालाही वाटले, हे कबूल करतो. त्या बरे वाटण्यात आणखी सहा आठवडे गेले.

९८ कशाचे?

ही ऑक्सिमीटर नेमके काय मोजते, ते समजून घेऊ. तिच्यात दोन प्रकारचा प्रकाश असतो. एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड. ऑक्सिजन घेतलेले रक्त आणि ऑक्सिजन सोडलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्याबरोबर बोटात येणाऱ्या रक्तावरून यंत्र हिशेब करते, की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलेले आहे. नाडीच्या ठोक्याचा असा उपयोग करण्याची कल्पना जपानचे अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात मांडली. २०२० च्या एप्रिलमध्ये, अवघे जग त्यांच्या शोधावर नजर लावून बसलेले असताना, ते वारले.

म्हणजे ९८ हा आकडा सांगतो, की फुप्फुसांनी आपले काम केले आणि रक्त ऑक्सिजन घेऊन निघाले. ते रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचले का, किती पोचले, हे तो सांगत नाही. हाताच्या बोटावर लावलेले यंत्र पायाची खबर देणार तरी कसे?

गंगापूर-वैजापूरच्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. नांदूर मधमेश्वरच्या कालव्याला पाणी सुटले, अशी बातमी पेपरात येते. पण टेलला ज्याचे शेत आहे, तो बातमीवर भरवसा ठेवत नाही. तो चारीवर जाऊन बघतो. वरती पाणी किती सुटले हा एक हिशेब, आपल्या बांधापर्यंत किती आले हा दुसरा. पाय हे शरीराचे टेल आहे. हृदयापासून सर्वांत लांब आणि वाटेत नळ्या बारीक होत गेलेल्या.

साखरेच्या आजारात या नळ्यांचे दोन प्रकारे नुकसान होते. एक म्हणजे त्यांच्या आत चरबी-चुन्याचा थर बसून वाट अरुंद होते. त्यातही गुडघ्याखालच्या बारीक नळ्या जास्त अडतात. दुसरे म्हणजे पायाच्या नसा बधिर होतात, म्हणून जखम दुखत नाही आणि चालताना पोटरीत येणारा गोळाही पुष्कळदा जाणवत नाही. दुखणे ही अल्लाहने दिलेली घंटाच आहे. तीच बंद पडली, की घर पेटले तरी कोणाला जाग येत नाही.

आणि हा आजार आता चार घरांपुरता राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. म्हणजे प्रौढांपैकी ११ टक्क्यांहून जास्त. आपल्या मोहल्ल्यातली दहा घरे मोजली, तर एखाद-दुसऱ्या घरात साखरेची गोळी निघतेच.

कापायचे की नाही, आणि कुठून?

सहा आठवड्यांनी अंगठा पूर्ण काळा पडला आणि वास येऊ लागला. मामूंना शहरात नेले. पहिल्या ठिकाणी डॉक्टरांनी पट्टी सोडून पाहिली आणि सांगितले, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, उद्याच दाखल करा. पायाला हात लावून नाडी पाहिली नाही, रक्तप्रवाहाची कोणतीही तपासणी लिहून दिली नाही. त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. मामू फक्त एवढेच म्हणाले, "सजदा कसा करू मग?" या प्रश्नाला कोणाकडे उत्तर नव्हते. बसून, खुर्चीवर, इशाऱ्याने नमाज होते, हे त्यांनाही ठाऊक होते. प्रश्न नमाजेच्या मसल्याचा नव्हताच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुसरे मत घेतले. तिथल्या डॉक्टरांनी आधी दोन्ही पायांवर हात ठेवला. एक पाय गार होता. मग पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागे, बोटांनी नाडी शोधली. उजव्या पायात ती लागली नाही. मग त्यांनी तीन तपासण्या केल्या. त्या आम्ही क्रमाने सांगतो, कारण पहिल्या तपासणीत आम्ही पुन्हा एकदा फसलो असतो.

पहिली तपासणी म्हणजे डॉपलर. पेनासारखे यंत्र नाडीवर ठेवले की रक्त धावल्याचा 'सुर्र-सुर्र' आवाज येतो. त्याच्या मदतीने दंडातला आणि घोट्यातला रक्तदाब मोजतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. उत्तर ०.९ ते १.३ च्या दरम्यान आले तर साधारण ठीक. ०.९ च्या खाली आले तर पायाच्या नळीत अडथळा आहे. मामूंचे उत्तर आले १.५. आम्हाला वाटले, हे तर उत्तमच. डॉक्टर म्हणाले, "नाही, हा आकडा खोटा आहे." साखरेच्या आजारात नळ्यांच्या भिंतीत चुना जमून त्या लोखंडी पाइपसारख्या कडक होतात. बाहेरून पट्टा कितीही आवळला तरी त्या दबत नाहीत, म्हणून दाब खोटाच जास्त दिसतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्यातला दाब पाहतात, कारण अंगठ्याच्या बारीक नळ्या तितक्या कडक होत नाहीत. मामूंचा अंगठा तर आधीच गेलेला होता.

म्हणून दुसरी तपासणी केली. त्वचेवरून ऑक्सिजन मोजण्याची. हिची माहिती आपल्याकडे फार कमी लोकांना आहे.

रुपयाच्या नाण्याएवढा एक सेन्सर चिकटपट्टीच्या कड्याने त्वचेवर बसवतात. सुई नाही, रक्त काढणे नाही. सेन्सर आपल्या खालची त्वचा सुमारे ४४ अंश सेल्सिअसपर्यंत गरम करतो. उष्णतेने त्या जागच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या पूर्ण उघडतात आणि त्यांच्यातला थोडा ऑक्सिजन त्वचेतून झिरपून वर येतो. तो सेन्सरच्या पातळ पडद्यातून आत जातो, तिथे अगदी सूक्ष्म वीजप्रवाह तयार होतो आणि त्यावरून ऑक्सिजनचा दाब कळतो. पडद्याआडून ऑक्सिजन मोजण्याची ही युक्ती अमेरिकेचे लेलँड क्लार्क यांची, १९५० च्या दशकातली. १९७० च्या दशकात जर्मनीत रेनाटे आणि आल्बर्ट हुख या डॉक्टर दांपत्याने गरम सेन्सरची जोड देऊन ती नवजात बाळांसाठी वापरात आणली. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका आणि जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. म्हणून पुन्हापुन्हा सुई न टोचता माप घेणे गरजेचे होते. बाळांसाठी निघालेली तीच गोष्ट पुढे म्हाताऱ्यांच्या पायांच्या कामी आली.

मामूंना झोपवून, अंगावर चादर टाकून, छातीवर एक, गुडघ्याखाली एक आणि पंजाच्या वरच्या बाजूला एक असे सेन्सर लावले. १५-२० मिनिटे हलायचे नाही, बोलायचे नाही. आकडे स्थिर झाले. छातीवर ६२, गुडघ्याखाली ४६, पंजावर १७.

हे आकडे रक्तदाबासारखेच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतात. यांचा ढोबळ अर्थ असा. ४० च्या वर असेल तर त्या जागची जखम भरण्याची चांगली आशा असते. ३० च्या खाली गेला तर जखम आपल्या बळावर भरणे अवघड. २५ च्या खाली असेल तर वेळ न घालवता पायाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी करून रक्ताची वाट मोकळी करण्याचा विचार करावा, असे मधुमेही पायाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

मामूंच्या हातावर ९८ आणि पंजावर १७. एकाच माणसाचे, एकाच दिवशी. दोन्ही आकडे खरे होते. एक फुप्फुसांचा होता, दुसरा पायाचा.

आता दोन महिने पट्टी बदलून जखम का भरली नाही, ते कळले. जखम भरायला ऑक्सिजन लागतो. अँटिबायोटिकही रक्ताबरोबरच जखमेपर्यंत पोचते. जिथे रक्तच पोचत नाही, तिथे मलम बदलून काय होणार? आणखी एक गोष्ट कळली. रक्त न आणता नुसता अंगठा कापला असता, तर ती नवी जखमही भरली नसती. मग पंजा, मग घोटा, असे वर-वर जावे लागले असते. पुष्कळ घरांत असेच होते आणि लोक म्हणतात, साखर पाय खात गेली.

तिसरी तपासणी अँजिओग्राफी. तिच्यात गुडघ्याखालच्या दोन नळ्या बंद दिसल्या. फुगा घालून त्यातली एक उघडता आली. काही आठवड्यांनी पुन्हा सेन्सर लावला तेव्हा पंजावर ४१ आले. अंगठा वाचला नाही, तो काढावाच लागला. पण ती जखम तीन महिन्यांत भरली. मामू आज खास बनवून घेतलेल्या बुटात चालतात. जमिनीवर सजदा करतात.

प्रत्येकाचे असेच होईल, असे आम्ही म्हणत नाही. काहींच्या नळ्या उघडत नाहीत. काहींचा जंतुसंसर्ग इतका पसरलेला असतो, की जीव वाचवण्यासाठी पाय लगेच काढावाच लागतो आणि तिथे एका दिवसाचा उशीरही घातक ठरतो. ताप, वर चढणारी लाली, पू आणि दुर्गंधी असेल तर आकड्यांची वाट पाहत बसू नये. त्वचेवरच्या मापालाही मर्यादा आहेत. पायाला सूज असेल, जंतुसंसर्ग असेल, कातडी जाड झालेली असेल, तर आकडा खरा येत नाही. तळव्यावर हे माप घेत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच, की कापण्याचा निर्णय होण्याआधी पायात रक्त किती येते, हे कोणीतरी मोजलेले असावे. कापावे लागलेच, तर कुठून कापल्यास जखम भरेल, हेही याच मापावरून ठरवायला मदत होते. मामूंचे गुडघ्याखालचे ४६ हेच सांगत होते.

आपण काय विचारायचे?

हे यंत्र गंगापूरसारख्या तालुक्याच्या गावी मिळण्याची अपेक्षा धरू नका. मोठ्या शहरांतही ते मोजक्याच ठिकाणी असते. पण नाडी पाहायला डॉक्टरांची दोन बोटे पुरतात आणि डॉपलरचे पेन काही फार महागडे यंत्र नाही. साखरेच्या रुग्णाच्या पायाला जखम झाली आणि ती दोन आठवड्यांत भरताना दिसत नसेल, तर अदबीने पण ठामपणे हे चार प्रश्न विचारा.

१. पायाच्या दोन्ही नाड्या लागतात का?

२. घोट्याचा आणि अंगठ्याचा दाब मोजता येईल का? आकडा १.३ च्या वर आला तर तो खरा धरायचा का?

३. त्वचेवरून ऑक्सिजन मोजण्याची सोय जवळ कुठे आहे?

४. कापण्याआधी रक्तवाहिन्यांच्या सर्जनना दाखवायला हवे का?

गंगापूरहून वाळूजमार्गे घाटी रुग्णालय फार लांब नाही. खर्चाची चिंता असेल तर रेशन कार्ड आणि आधार कार्ड बरोबर ठेवा. योजनेतल्या रुग्णालयात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र बसतात. आपल्याला सांगितलेला उपचार यादीत आहे का, हे त्यांना आधी विचारा. पैसे नाहीत म्हणून घरी बसलेला माणूस आणि माहिती नाही म्हणून घरी बसलेला माणूस, दोघांचा पाय सारखाच जातो.

दिवसातून पाच वेळा

पायाकडे पाहण्यासाठी आपल्याला वेगळा वेळ काढायची गरज नाही. वुजूमध्ये आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो, बोटांच्या मधूनही बोट फिरवतो. तेव्हाच डोळे उघडे ठेवा. बोटांच्या बेचक्यात चीर आहे का, टाच फुटली आहे का, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार लागतो का? तळवा दिसत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा किंवा मुलांना पाहायला सांगा. नातवाने आजोबांचा पाय पाहणे ही मोठी खिदमत आहे. धुतल्यावर बोटांमधली जागा फडक्याने टिपून कोरडी करा. ओल राहिली की बुरशी होते आणि तिच्या चिरेतून जंतू शिरतात. थंडीत वुजूचे गरम पाणी पायाने तपासू नका. बधिर पायाला कढत पाणी कोमट वाटते. आधी कोपराने पाहा किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाला पाहायला सांगा.

जखमेवर पट्टी असेल आणि डॉक्टरांनी पाणी मना केले असेल, तर पट्टीवर मसह करण्याची सवलत शरीअतमध्ये आहे. तपशील आपल्या इमामसाहेबांना विचारा, पण सवाब समजून जखम भिजवू नका. उन्हाळ्यात जुम्म्याच्या वेळी मशिदीच्या अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. साखरेच्या रुग्णाला ती पोळलेली कळत नाही आणि संध्याकाळी तळव्याला फोड दिसतात. चप्पल दारापर्यंत, सावलीपर्यंत पायात राहू द्या. हज-उमऱ्याला निघणाऱ्यांनी तर लस आणि पासपोर्टबरोबर पायाची नाडीही तपासून घ्यावी. तवाफ आणि सईमध्ये कित्येक किलोमीटर चालणे होते आणि तेही पुष्कळसे अनवाणी.

आणि विडी, सिगारेट, गुटखा. तंबाखूने रक्ताच्या नळ्या आकसतात. साखर नसलेल्या तरुण विडीवाल्यांच्या हातापायांची बोटेही नळ्या बंद होऊन काळी पडतात. त्या आजाराला बर्जरचा आजार म्हणतात. त्यात तंबाखू पूर्ण सोडण्यासारखा दुसरा उपाय नाही. ज्या बहिणी दातांना मिस्री लावतात, त्यांनी मिस्री म्हणजे तंबाखूच, हे लक्षात घ्यावे.

शेवटी ऑक्सिमीटरविषयी. ती फेकून देऊ नका. दमा, न्यूमोनिया, दम लागणे यात ती अजूनही उपयोगाची आहे. वापरताना हात गार नसावा, नखांना पॉलिश नसावी. मेंदी गडद काळी असेल तर यंत्राला प्रकाश नीट मिळत नाही, तेव्हा मेंदी नसलेले बोट निवडा. सावळ्या-काळ्या कातडीवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवते, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून आकडा चांगला असला तरी माणूस धापा टाकत असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

मामूंच्या कपाटात ऑक्सिमीटर अजून आहे. तिच्या शेजारी आता मुमानींनी एक हातआरसा ठेवला आहे. रोज ईशाच्या वुजूनंतर त्या चष्मा लावून मामूंचे पाय पाहतात. मामू कुरकुर करतात, पण पाय पुढे करतात.

आज रात्री आपल्या घरातही कोणाचा तरी पाय हातात घ्या. अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो आणि आपल्याला वेळेवर पाहण्याची समज देवो. आमीन.